कापलेली आग

२ नोव्हेंबर
आलो एकदाचा! टेकडीवरचं गाव, चर्चचं छोटं थिएटर, वर प्रोजेक्टरची खोली आणि शेजारीच माझी खाट. म्हाताऱ्याला आणखी काय हवं? तिकीटवाली नूंत्सियाबाई मक्याच्या पिठाची वाफाळती पोलेंता घेऊन आली. म्हणाली, आधीचा ऑपरेटर नुसती सुतळी होता, तुम्ही तरी चार घास खा.
इथं येण्याचं खरं कारण त्या जुन्या भयपटाची प्रत. ती आता इथंच उरलीय. त्यातली काउंटेस परदेशी नटी, तिला आपल्या भाषेचा गंध नव्हता. आपल्याकडची रीतच ती, तोंड एकीचं, आवाज दुसरीचा. हा आवाज माझ्या बायकोचा, जेल्मीराचा. तिला जाऊन दोन हिवाळे झाले. ‘गबाळ्या’ म्हणणारं आता कुणी नाही.

६ नोव्हेंबर
रविवारचा दुपारचा खेळ. काय चित्र केलंय! कॅमेऱ्यापुढून चार फांद्या हलवल्या, जरा धूर सोडला, की झालं जंगल. काउंटेस जिना उतरते तशा मेणबत्त्यांच्या ज्योती तिच्याकडे झुकतात. ती नाव घेऊन हाक मारते. जो ओ देतो, तो मेला. जेल्मीराची हाक ऐकून मी पोरासारखा रडलो.
शेवटी गावकरी तिला खांबाला बांधून जाळतात. ती किंकाळी मात्र सोसवेना. दवाखान्यात जेल्मीरा शेवटी अशीच ओरडली होती.

९ नोव्हेंबर
फादर एवारिस्तोंचा हुकूम आला, चुंबनं कापा. चर्चच्या थिएटरात हे चालायचंच. कात्री हातात होतीच, जळण्याचा तुकडाही कापला. कापलेले तुकडे डब्यात ठेवून प्रत परत करताना जोडायचे असतात. हा जळण्याचा मात्र मी शेगडीत टाकला. आता तिला कुणी जाळणार नाही.
हे ऐकून फादर पोट धरून हसले. म्हणाले, चेटकिणीची दया येणारा हा पहिलाच ख्रिस्ती पाहिला!

१३ नोव्हेंबर
आजच्या खेळात काउंटेस खांबाला बांधलेली, आणि लगेच समाप्त. पण ती गावकऱ्यांकडे बघत नव्हती. वर, माझ्या झरोक्याकडे बघत होती.

१६ नोव्हेंबर
दुपारी एकट्यानं चित्र लावून पाहिलं. खांबाशी नुसते दोर. जिना रिकामा. माणसं रिकाम्या खुर्चीपुढे लवतात.
नूंत्सियाबाई म्हणाली, बुवा, चष्मा पुसा. मग तिनंच विचारलं, ती काळ्या झग्यातली कोण, तिकीट न घेता बाहेर गेली?

१७ नोव्हेंबर
नूंत्सियाबाई तिकिटाच्या खिडकीत बसलेली. गार. तोंड उघडं, ओ देताना असतं तसं—
तो जळण्याचा तुकडा परत जोडायला हवा. शेगडीत राखच आहे.

१९ नोव्हेंबर
फादरही. पापांची कबुली ऐकायच्या खोक्यात. तिथं ‘फादर’ म्हणून हाक आली, तर ओ द्यावीच लागते—
माझ्यामुळे. सगळं माझ्यामुळे.

२० नोव्हेंबर
दार लावलंय. बाहेर जेल्मीरा— नाही. जेल्मीरा नाही. ती नावानं हाक मारेल. माझ्या जेल्मीनं मला कधी नावानं हाक मारली नाही. तेवढ्यावरून ओळखेन—
इलारियो, म्हणाली.
ओ दिली नाही.
मेणबत्ती दाराकडे झुकलीय—
गबाळ्या, म्हणतेय. थंडी वाजतेय रे, दार उघड—
जेल्मी

ओ