एकोणिसावा खिळा

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सहा दिवस वही उघडली नाही. पेन्सिल बोथट झाली होती, हे पहिलं कारण. मग टोक केलं तर वही पिशवीच्या तळाशी गेली, हे दुसरं. खरं कारण लिहायची लाज वाटते. उद्या लिहीन.

१५ ऑक्टोबर, बुधवार

लिहितोच. नाहीतर राहूनच जाईल.

गेल्या बुधवारी दरी बघायला गेलो होतो. काय दरी आहे! जमीन कुणीतरी दोन्ही हातांनी टराटरा फाडून ठेवलीय. दोन्हीकडे तांबडे कडे, तळाशी तळं – इतकं हिरवं की खोटं वाटावं. कड्याच्या पोटात गुहा. कड्यावर एक पक्षी उलटा चालत होता, शेपटी वर, डोकं खाली! त्याच्यावरच अर्धा तास गेला. पण पक्ष्याचं नंतर.

गुहेत एकट्याने जायचं नसतं. म्हातारे काका कंदील घेऊन नेतात. तोंडाशी लाकडी फळी आहे, तिच्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला पितळेचा नंबरचा बिल्ला. आत जाताना बिल्ला गळ्यात घालायचा, बाहेर आल्यावर ज्याने त्याने आपल्या हाताने परत लावायचा. काका फळीपुढे उभे राहून म्हणाले, “खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. माणूस आत म्हणजे मी पण आत. घरी बायको वाट बघते हो माझी, तेवढी दया करा!” सगळे हसले. मीही हसलो.

माझा एकोणीस नंबर होता.

दुसऱ्या दालनात काका छताकडे कंदील धरून काहीतरी सांगत होते. मला डावीकडे, जमिनीलगत, उजेडाची रेघ दिसली. झालं! सगळे पुढे गेले, मी पोटावर सरपटत त्या बिळात. बाहेर निघालो तो थेट तळ्यावर. पाय पाण्यात सोडून बसलो. राजा असल्यासारखं वाटत होतं.

परत जायला हवं हे डोक्यात आलंच नाही, असं लिहिणार होतो. आलं होतं. पण पुन्हा सरपटायचा कंटाळा आला. कंटाळा! काठाकाठाने चालत रस्त्याला लागलो, ट्रकला हात केला, तो या गावात येऊन उतरलो. संध्याकाळी सदरा काढताना बिल्ला छातीवर. हसू आलं. म्हटलं असू दे, आठवण.

शुक्रवारी रंगकामावर मुकादम म्हणाला, “गुहेतला काका पडला, ऐकलं का? कुणीतरी आत राहिला म्हणून एकटाच शोधायला गेला. मांडीचं हाड मोडलं. सकाळपर्यंत तसाच पडून होता.”

“कोण राहिला होता?” मी विचारलं. मी! मी विचारलं!

“कोण जाणे. सापडलाच नाही.”

मी ब्रश उचलला आणि भिंत रंगवत राहिलो. तीच भिंत दोनदा रंगवली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दरीकडे परत आलो. यायच्या आधी न्हाव्याकडे जाऊन दाढी काढली. उकडतं म्हणून, असं त्याला सांगितलं. वहीला कशाला खोटं सांगू? कुणी ओळखू नये म्हणून काढली. टोपीही फेकली.

काकांचं घर उतारावर, शेवटचं. वाटेत तोंडाने घोकत गेलो – “काका, तो मी होतो. काका, तो मी होतो.” दार काकूंनी उघडलं. कंबरेला पदर खोचलेला, हात राखेने भरलेले.

“तळ्यावरच्या नाववाल्याने पाठवलं ना तुला? लाकडं फोडायला?”

मी म्हणालो, “हो.”

एवढंच. एवढं सोपं होतं खोटं बोलणं. संध्याकाळपर्यंत लाकडं फोडली. हाताला तीन फोड आले, बरं वाटलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्री ओसरीत झोपलो. नाववाल्याने खरंच एकाला सांगितलं होतं, तो आलाच नाही म्हणे. माझ्यासारखाच कुणीतरी असणार.

काका खिडकीशी पलंगावर असतात. पाय प्लास्टरमध्ये, विटांवर ठेवलेला. दिवसभर तोंड चालू. “अरे लाकूडफोड्या, हळू! ओंडक्याशी वैर आहे का तुझं?” मला नाव विचारलंच नाही, मीही सांगितलं नाही. काकू म्हणाल्या, “या घरात एकच माणूस कामाचा आहे आणि तोही परका.” काका म्हणाले, “बघ, पाय मोडल्यावर कळतं बायकोचं प्रेम.”

मग त्या पाणी आणायला गेल्या आणि काकांचा आवाज बदलला.

“तो अजून आत आहे रे. एकोणीस नंबर. मी हाका मारल्या, त्याने ओ नाही दिली. म्हणजे बेशुद्ध असणार. दोन दिवस लोकांनी शोधलं, पण त्यांना काय ठाऊक कुठे बघायचं? मी पडलो नसतो तर सापडला असता.”

गुहेचा कारभार बघणारे साहेब म्हणतात, कुणी हरवलंच नाही. हरवलं असतं तर घरचं कुणीतरी विचारायला आलं असतं. कुणीच आलं नाही.

हे ऐकून दुसरंच दुखलं. माझ्यासाठी कोण येणार विचारायला? दीड वर्षात घरी एक पत्र नाही टाकलं. पण आज माझ्याबद्दल लिहायचं नाही. नेहमी असंच करतो, दुसऱ्याच्या दुःखात स्वतःची चटई अंथरतो.

त्यांना रात्री झोप लागत नाही. खिडकीतून गुहेचं तोंड दिसतं, तिकडे बघत बसतात. “एकोणीस नंबर, माफ कर रे,” असं पुटपुटतात. आणि एकोणीस नंबर ओसरीत, त्यांच्याच घोंगडीत.

१८ ऑक्टोबर, शनिवार

युक्ती सुचली! न बोलता सगळं मिटेल अशी.

गुहा बंद असली तरी तिकीट खिडकीवाला राखणीला असतो, पण दुपारी जेवून पेंगतो. फळीपाशी गेलो, बिल्ला त्याच्या खिळ्याला लावला. कुणी पाहिलं नाही. आता दिसेल, मग साहेब सांगतील की माणूस सुखरूप बाहेर आला. काकांना झोप लागेल.

येताना तळ्यात पोहलो. पाणी खाली गार, वर कोमट. तो उलटा चालणारा पक्षी पुन्हा दिसला.

१९ ऑक्टोबर, रविवार

हलकं वाटतंय. काकूंचं गळकं कौल बदललं.

२० ऑक्टोबर, सोमवार

काय करून बसलो मी हे!

सकाळी साहेब घरी आले. खिशातून बिल्ला काढून पलंगावर टाकला. “हा घ्या तुमचा हरवलेला माणूस. खिळ्यालाच होता.”

काकांचा चेहरा आधी उजळला. “म्हणजे आला बाहेर? कुणी पाहिला? बरा आहे ना?”

“कोण बाहेर येणार? आत कुणी नव्हतंच! दहा दिवस गुहा बंद, बाहेर माझी छी-थू, आणि बिल्ला जागेवरच! मी तुमच्या शब्दावर विसंबलो, फळी पाहिलीच नाही. तुमची मोजणी चुकली, काका. रागावू नका, वय झालं तुमचं. गुहेची चावी द्या.”

काकू उसळल्या, “सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षांत एक माणूस कमी भरला का हो कधी?” साहेब खाली बघत होते. वाईट माणूस नाही. त्याला बिल्ला दिसला, त्याने बेरीज केली. बेरीज मी चुकीची मांडून ठेवली होती.

काका बराच वेळ बिल्ला बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, “दे गं चावी. मोजायला चुकलो असेन. कंदिलाच्या उजेडात हल्ली दिसत नाही मला नीट.”

मी दारात उभा होतो, हातात लाकडं. एक शब्द पुरला असता. लाकडं चुलीपाशी नीट रचली. टोकं जुळवून!

संध्याकाळी काकांनी एकही विनोद केला नाही. काकूंनी ताट पुढे केलं तर म्हणाले, “हे किती घास झाले, मोजतेस का? माझ्यावर भरवसा नाही.” काकू तोंड फिरवून आत गेल्या.

तेव्हा मला राहवलं नाही. पण सरळ बोलायची हिंमत कुठली! म्हटलं, “काका, दुसऱ्या दालनात डावीकडे खाली बीळ आहे ना, त्यातून तळ्यावर निघता येत असेल, नाही?”

“कुणी सांगितलं तुला?”

“असंच. ऐकलं.”

“मी कुणाला दाखवत नाही ते. कंदील मुद्दाम दुसरीकडे धरतो, पोरंटोरं घुसू नयेत म्हणून.” माझ्याकडे बघत राहिले. बघत राहिले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पळालो. उजाडायच्या आत.

वर, दरीच्या काठावरच्या बस थांब्यावर बसलोय. बस दहाला. घोंगडी घडी करून ठेवली, जणू त्याने काही भरून निघतं. पत्र लिहून ठेवणार होतो. “काका, तो मी होतो,” चार शब्द, तेही झाले नाहीत. पुढच्या गावाहून पाठवीन. पाठवणार नाही, मला ठाऊक आहे.

खालचं तळं इथून नाण्याएवढं दिसतं. आज सुंदर वगैरे काही वाटत नाही.

त्याच दिवशी, दहाला पाच कमी

चढावर सामानाची हातगाडी येतेय. नाववाला ढकलतोय, घामाने निथळलाय. गाडीवर काका! प्लास्टरचा पाय पुढे काढलेला, एका हाताने गाडीची कड धरलीय. मागून काकू, “अहो, हळू, अहो पडाल!”

बसही आलीय, ड्रायव्हर बघतोय माझ्याकडे. पिशवी वर टाकून बसलो होतो. पिशवी गेली तर जाऊ दे, मी उतरलो.

काका शंभर पावलांवर असतील. तिथूनच ओरडतायत –

“पोरा! काही बोलणार नाही मी तुला! एवढंच सांग – मी नीट मोजलं होतं ना?”