गोळीचं टोक कुणीकडे

२ मार्च, शनिवार. सकाळी ७
वेंडेलचा फोन. यंदा मासेमारी क्लबच्या जोड्यांच्या स्पर्धेत तो माझ्याबरोबर नाही. अकरा वर्षं माझ्या होडीत मागच्या खुर्चीवर बसला, आता म्हणे ब्रदर टलींबरोबर जाणार. आपल्या चर्चचे पाळक आहेत, त्यांना नाही कसं म्हणू, म्हणाला. मी मन मोठं करून म्हटलं, जा बाबा.
तसं त्याच्यावाचून अडतंय कुठे? होडी माझी. बास मासा कुठे दडलाय ते ओळखणारं नाक माझं. वेंडेल गळ, वजनं, आमिषाचे रबरी किडे ओवून गळाच्या काठ्या तयार ठेवायचा. हमाली. कुणीही करेल.

त्याच दिवशी, जेवणानंतर
संकल्प. एक, मे महिन्यातल्या स्पर्धेची ट्रॉफी आणायची. दोन, वेंडेल आपल्या पायांनी परत येईल. तीन, आल्या आल्या हो म्हणायचं नाही. दोन दिवस लटकवायचं.

३ मार्च
चर्च सुटल्यावर चौघांना जोडीला येता का विचारलं. चौघांचीही पाठ याच आठवड्यात धरलीये. गावाच्या तब्येतीचं काही खरं नाही.

४ मार्च
नेडीनला घेतलं. एकतीस वर्षांच्या संसारात तिने गळ हातात धरलेला नाही, गोधड्या शिवते. पण मी शिकवीन. ती म्हणाली, चालेल, शनिवारी तू कुठे असतोस ते तरी कळेल.

६ मार्च. गॅरेजमध्ये
वजनं ओवायला बसलो. बंदुकीच्या गोळीसारखी असतात, एकीकडे निमुळती, एकीकडे चपटी. वेंडेल ती कशी ओवायचा ते पाहायचं राहून गेलं. त्या वेळी मी उकडलेल्या शेंगा खात असे.
पण डोकं आहे ना. खिळा ठोकताना टोक खाली धरतात. तेव्हा गोळीचं टोक खाली, गळाकडे. आणि वजन चांगलं एक औंसाचं. जड वजन लवकर तळाला, लवकर तळाला म्हणजे लवकर मासा.
नेडीन मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, पाकिटावरच्या चित्रात टोक वर आहे, दोरीकडे. मी सांगितलं, चित्रं नवशिक्यांसाठी असतात.

९ मार्च. सरावाची पहिली फेरी
पुढे मी, मागे नेडीन. मागच्याला पुढच्याने चाळलेलंच पाणी मिळतं, त्यामुळे तिच्याकडून अपेक्षा नव्हती.
माझ्या गळाला दर फेकीला पाणगवत. उत्तम लक्षण. बास गवतातच राहतो, म्हणजे माझा नेम अचूक. नेडीनला तीन मासे. नवख्यांचं नशीब.
वजनकाट्यापर्यंत माशांची पिशवी मी नेली. होडी ज्याची त्याने पिशवी न्यायची, अशी आमच्याकडे रीत आहे. काट्यावरच्या माणसाने कुणी पकडले विचारलं. मी म्हटलं, आम्ही.
वेंडेलने लांबून हात हलवला. चेहरा उतरल्यासारखा वाटला. आठवण येतेय गड्याला.

५ एप्रिल
नवीन युक्ती. गोळी दोरीवर सरकू नये म्हणून तिच्या भोकात दात कोरायची काडी ठोकून मोडायची. जाणते लोक दाट गवतात असंच करतात. मी सगळ्या काठ्यांवर ठोकली. आता गोळी जागची हलणार नाही.

६ एप्रिल. दुसरी फेरी
गोळी हलली नाही. गवत मात्र भारेच्या भारे निघालं. शेजारच्या होडीतल्याने विचारलं, हार्लन, गाई पाळल्यास की काय. मत्सर.
नेडीनला पाच. त्यातला एक सहा पौंडांचा. जाळी मी धरली होती, तेव्हा अर्धा तरी माझा धरायला हरकत नाही. क्लबमध्ये दुसरा नंबर. वेंडेल आणि ब्रदर टली सातवे.

१० एप्रिल
नेडीनच्या शिवणाच्या डब्यात पाव औंसाच्या गोळ्या सापडल्या. सगळ्या टोक वर करून ओवलेल्या. विचारलं तर म्हणाली, हलकी गोळी सावकाश उतरते, माशाला बघायला सवड मिळते, आणि टोक वर असलं की गवतातून सुईसारखी निघून येते. मी म्हटलं, माशाला सवड द्यायला तो काय पाहुणा आहे?
ती हसली. तिचं हसणं मला पटलं नाही.

२८ एप्रिल
ब्रदर टलींना टेनेसीतल्या चर्चने बोलावून घेतलं. पुढच्या रविवारी निघणार. वेंडेल एकटा पडला. स्पर्धेची नावं मंगळवारपर्यंत द्यायची आहेत.
आता बघा.

२९ एप्रिल
फोन नाही. लाजत असणार.

३० एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ५.३०
वेंडेलचा ट्रक फाटकाशी थांबला. इस्त्रीचा शर्ट. हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी, अजून गरम. मी झटकन आत गेलो आणि न्हाणीघरात जाऊन बसलो. जरा वाट पाहू दे.

त्याच दिवशी, ६.१५
न्हाणीघराची खिडकी पडवीवर उघडते. ऐकायचं नव्हतं, ऐकू आलं.
वेंडेल नेडीनला म्हणाला, स्पर्धेला माझ्या जोडीला येतेस का. नेडीनला.
ती म्हणाली, माझी जोडी ठरलेली आहे. तो म्हणाला, त्याच्या गोळ्या उलट्या असतात हे तुला दिसतं ना? ती म्हणाली, दिसतं. पण मी सोडलं तर त्याला कुणी घेणार नाही. मी त्या चौघांच्या बायकांना विचारलंय.
मग तिने विचारलं, वेंडेल, तू का सोडलंस रे? तो मग म्हणाला, त्याच्या काठ्या ओवायचा मला कधी कंटाळा आला नाही. पण अकरा वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतं त्याने, वेंडेल, आज तू पुढे बस.
मी नळ सोडला. पाण्याच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

६.४०
बाहेर आलो. वेंडेल निघालाच होता. म्हटलं, नावं मी ठरवलीत. वेंडेल आणि नेडीन. होडी माझी न्या. वेंडेल, तू पुढे बस.
त्याने मग शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली. नेडीन म्हणाली, हार्लन, खिडकी उघडी होती का? मी म्हटलं, कुठली खिडकी.
हा निर्णय सर्वस्वी माझा. याची नोंद असावी.

११ मे, शनिवार. स्पर्धा
पहाटे ट्रेलर मागे घेत होडी पाण्यात उतरवली. एका दमात, सरळ. एवढं मात्र माझ्यासारखं क्लबात कुणाला जमत नाही. ते दोघं गेले. मी धक्क्यावर काठी घेऊन बसलो.
कुणी बघत नाहीसं पाहून काडी उपटली, गोळी काढली, टोक वर करून ओवली. फेकली. ओढली. गवत आलं नाही. पुन्हा फेकली, पुन्हा काही नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदाच गळ स्वच्छ परत आला. मासाही नव्हता, पण धक्क्याशी मासे नसतातच.
तीनला ते परतले. पाच मासे, एकवीस पौंड. ट्रॉफी. पिशवी न्यायला मी सवयीने उठलो, मग आठवून बसलो. तर वेंडेलने लांबूनच हाक मारली, अरे, होडी कुणाची आहे? मी पिशवी नेली. काट्यावरच्या माणसाने कुणी पकडले विचारलं. मी म्हटलं, त्यांनी.

१२ मे
नेडीनने पुढच्या शनिवारी मला तळ्यावर बोलावलंय. मागच्या खुर्चीवर. काठ्या मी ओवायच्या, ती तपासून घेणार. वेंडेलने फोन करून विचारलं, जमेल ना रे. मी म्हटलं, न जमायला काय झालं, मागची खुर्ची आरामाची असते. अकरा वर्षं मी तुला हेच सांगत आलो.