समक्ष पाहिलेले नाही

बाबा, तुम्हाला हसू येईल, पण गेल्या आठवड्यात मी पोलिसात भरती झाले. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मुलुंडच्या घरात, सोफ्यावर मांडी घालून. टीव्हीला जोडून खेळायचा एक जपानी गेम आहे. त्यात नवे कोरे चार डिटेक्टिव्ह एका म्हाताऱ्या सिनियरच्या हाताखाली काम शिकतात, गुन्हे सोडवतात, आणि त्यांना चालवायचं आपण. रविवारच्या पुरवणीचा संपादक माझ्या निम्म्या वयाचा आहे. तो म्हणाला, "मॅडम, तुमचे वडील हवालदार होते ना? मग याचं परीक्षण तुम्हीच लिहा. गुरुवारी सहापर्यंत." तुमच्या नोकरीचा असाही उपयोग होईल, हे तुम्हाला कधी वाटलं नसेल.

या गेममध्ये पात्रांची नावं आपण ठेवायची. त्या सिनियरचं नाव मी 'बाबा' ठेवलं. त्याची मिशी तुमच्यापेक्षा बरी आहे. कुठल्याही कामाला निघण्याआधी तो उभ्याउभ्या चहा पितो, एवढं मात्र जुळलं. बाकीचा कारभार पाहून तुम्ही कपाळावर हात मारला असता. पोरं कुणाच्याही घरात घुसतात, कपाटं उघडतात, सापडेल ते खिशात घालतात. मार बसला की पोलीस ठाण्याच्या कॅन्टीनमध्ये वाडगाभर नूडल्स खातात आणि ठणठणीत बरी होतात. पहिल्याच झडतीला मी दारात थांबले. गोरेगावच्या एका कंपनीत नोकरी करणारी माझी लेक शेजारी बसली होती, ती ओरडली, "आई, थांबलीस काय? आत जा ना!"

"अगं, पंच कुठायत?"

"कोण पंच?"

"दोन पंच लागतात. त्यांच्यासमोर झडती, मग पंचनामा, मग सह्या."

"जपानमध्ये दोन पंच कुठून आणू मी? तो समोर चाकू घेऊन उभाय!"

तेवढ्यात त्याने आमची दोन पोरं लोळवली. लेक म्हणाली, "लागली वाट. आता आण तुझे पंच, ॲम्ब्युलन्ससाठी."

तिला काय सांगू? ती दोन वर्षांची असताना तुम्ही गेलात. मला मात्र तुम्ही अजून दिसता. नाहूरचा नाका आहे, तुमच्या काखेत कागदांचं पॅड आहे, आणि तुम्ही पंच शोधायला निघाला आहात. पंच झालं की पुढे कोर्टाच्या तारखा आल्या, हे सगळ्यांना ठाऊक. तुम्ही दिसताच इस्त्रीवाला टेबलाखाली वाकतो. न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला दुसऱ्यांदा साबण फासतो. शेवटी तुम्ही त्या साबणासकट गिऱ्हाइकालाच घेऊन जाता. घरीही तेच. कुकर उडाला तेव्हा आई फडकं घेऊन धावली आणि तुम्ही तिला अडवलंत. वरच्या मजल्यावरच्या काकूंना पंच म्हणून बोलावलंत आणि लिहायला बसलात, 'डाळीचे शिंतोडे छतापर्यंत, मोजता येत नाहीत.' आई म्हणाली, "आधी पुसा, मग काय ते लिहा!" पुसलं तर लिहिणार काय, असं तुमचं म्हणणं.

सहावीत मी रायगडच्या सहलीवर निबंध लिहिला. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मी मिरवत घरी आणला. तुम्ही शर्टाची बटणं काढत शेवटपर्यंत वाचलात आणि विचारलंत, "तू खंय गेल्लंस गो? तुका तर कांजिण्या होत्या."

"सगळ्या मैत्रिणींनी सांगितलं ना मला."

"मग तसा लिही. सांगितला म्हणून."

खाली मला एक ओळ लिहायला लावलीत, 'वरील मजकूर मी समक्ष पाहिलेला नाही.' सही करायला लावलीत आणि दुसऱ्या दिवशी वही पुन्हा बाईंकडे पाठवलीत. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातून दुसऱ्या बाई बघायला आल्या. मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमचं शाईचं पेन माझ्या दप्तरात टाकलंत. त्याच पेनाने मी पुढे या लिहिण्याच्या धंद्यात शिरले.

तर बुधवारी शेवटचा भाग आला. त्या सिनियरचा नोकरीतला शेवटचा दिवस. त्याने टेबलाचा खण रिकामा केला, पेला धुऊन पालथा ठेवला, चारही पोरांकडे पाहिलं. आता एक बटण दाबायचं, की तो दारातून निघून जाणार. लेक म्हणाली, "दाब ना, आई." मी म्हटलं, चहा ठेवते. मग म्हटलं, भाजी निवडते. भाजी नव्हती.

तुमच्या निरोपसमारंभाला मी आले नव्हते. त्या दिवशी मला एक लेख द्यायचा होता. मी फोनवर म्हटलं, "बाबा, वेळच नाही हो." संध्याकाळी विचारलं, कसं झालं, कोण काय बोललं. तुम्ही म्हणालात, "तू समक्ष नव्हतंस, आता काय सांगू?" आणि हसलात. मीही हसले. चार महिन्यांनी तुम्ही गेलात, आणि ते सांगायचं राहूनच गेलं.

परीक्षण गुरुवारी साडेपाचलाच दिलं. संपादकाचा लगेच फोन आला. "मॅडम, खाली हे काय लिहिलंय? 'शेवटचा प्रसंग वेळेअभावी समक्ष पाहिलेला नाही'? असं कुणी लिहितं का? नेटवर शोधा ना, सगळं असतं." मी म्हटलं, ओळ काढायची नाही. ती तशीच छापून आली. तुम्ही असतात तर कात्रण खिशात घालून नाक्यावर सगळ्यांना दाखवलं असतंत.

गेम अजून तिथेच थांबवून ठेवला आहे. तो पेला पालथा घालून उभा आहे, पोरं त्याच्याकडे बघताहेत. लेक रोज विचारते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे खरं लिहिते. त्या ओळीतला एक शब्द खोटा आहे, बाबा. वेळ होता. भरपूर होता.