पाहुण्यांसाठी टेकडीचे नियम

२४ मार्च, मंगळवार

मोहाची फुलं पडायला लागली. गावभर तो वास – गोड, जड, डोळ्यांवर झापड आणणारा. वही उघडून बसले तर दोनदा पेंगले.

रविवारच्या पाहुण्यांनी पुन्हा स्पीकर आणला होता. टेकडीवरच्या कुंडाजवळ लावलाही. मी बंद करायला लावला. एक जण म्हणाला, "मॅडम, जंगलात तर मजा करायला येतो माणूस." म्हटलं, करा की, पण जंगलालाही मजा येऊ दे ना! हसले बिचारे. जाताना प्लास्टिक वेचून घेऊन गेले.

ग्रामसभेनं मला टेकडीवर वाटाडी नेमून दीड वर्ष झालं. पाहुण्यांना धडे देते म्हणून आई अजून "मास्तरीणबाई" म्हणूनच हाक मारते. मारू दे. मला आवडतं सांगायला. लोक वर चढताना एक असतात आणि उतरताना जरा वेगळे, हळू बोलणारे. ते बघायला मी रोज चढेन.

२५ मार्च

काही नाही. झोप, मोह, झोप.

२८ मार्च, शनिवार

वडशाहून बहीणभाऊ आले होते, आफ्रीन आणि आकिब. ईदच्या सुट्टीतले उरलेले दिवस. ती शाळेत शिकवते, तो मोबाइल दुरुस्त करतो. इतकं विचारणारी पाहुणी मला आजवर भेटली नव्हती. हे झाड कोणतं, ही वाट कोणी पाडली, तुम्ही लोक इथं येऊन काय करता. म्हटलं, बसतो. तिला ते इतकं पटलं की कुंडाच्या काठी अर्धा तास गप्प बसून राहिली. आकिब तिथंच झोपला, तोंडावर रुमाल टाकून. मीही बसले. पाण्यात टेकडी उलटी दिसत होती आणि क्षणभर मला कळेना, आपण कोणत्या टेकडीवर आहोत.

कुंडाजवळच्या ठरलेल्या चुलीवर त्यांनी चहा केला. माझा नेहमीचा धडा दिला – पाणी ओतायचं, राख हलवायची, मग राखेत हात घालून बघायचा. कोमट लागली तर अजून पाणी. "एक ठिणगी पुरते," हे मी जरा आवाज लावूनच म्हणते. आफ्रीननं तीन तांबे ओतले आणि कोपरापर्यंत हात काळा करून दाखवला.

२९ मार्च, रविवार (सकाळ)

आईबरोबर फुलं वेचायला गेले. उजाडत होतं. टेकडीच्या पायथ्याला धुकं, मोहाची झाडं त्यात पोहत असल्यासारखी. फुलं टप टप पडतात तेव्हा बोलावंसं वाटत नाही.

पाचोळा घोट्याएवढा. आईनं कमरेची काडेपेटी काढली. गेल्या वर्षी ग्रामसभेत ठरलंय, मोहाखाली पाला जाळायचा नाही, झाडून घ्यायचा. सगळ्यांनी हात वर केले होते. आईनंही. मी म्हटलं, "माय, झाडू ना." ती म्हणाली, "सात झाडं झाडता झाडता माही कंबर राह्यते का? जराशीक लावतो अन् इझवतो."

तिनं लावली. ओल्या फांदीनं विझवलीही. जमीन काळी, स्वच्छ, त्यावर पिवळी फुलं लख्ख दिसायला लागली. मी टोपली भरली. राखेत हात घालून बघ, असं मी आईला म्हटलं नाही. सुचलंच नाही.

३० मार्च, सोमवार

काल दुपारी टेकडी पेटली.

हात सोलले आहेत, नीट लिहिता येत नाही. अंधार पडेपर्यंत सगळं गाव फांद्यांनी झोडत होतं. माणसं वाचली. पूर्वेची अख्खी उतरण गेली – चारोळी, टेंभुर्णी, सगळी झाडं. कुंडात राख तरंगते आहे.

ग्रामसभेचे अध्यक्ष पत्रूभाऊ म्हणाले, "शनिवारी कोण चहा केला होता तिथी? ते वडशाची पोरगी?" शेजारची बुधरीबाई म्हणाली, पाहुण्यांनीच केलं. सगळे हो म्हणाले.

पण आग पायथ्यापासून वर चढली. कुंड मध्यावर आहे. हे आंधळ्यालाही दिसेल. मी गप्प बसले.

१ एप्रिल, बुधवार

आई जेवत नाही. रात्री म्हणाली, "बोलू नको माये. वनखात्यात केस होते." मग, "तुह्या कामाचं काय?"

रविवारी सभा आहे. टेकडी पाहुण्यांना कायमची बंद करायची असा ठराव येणार. त्यात आफ्रीनचं नाव.

३ एप्रिल, शुक्रवार

आफ्रीनचा फोन आला. कोणीतरी तिला कळवलं. मला वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"ताई, मी पानी टाकलं होतं. तुम्ही पाह्यलं ना? पण तुम्हीच म्हनत होत्या ना, एक ठिणगी पुरते. राहून गेली असन एखादी." रडत होती. रविवारी सभेत येऊन सगळ्यांची माफी मागणार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन झाडंही लावणार म्हणे.

मी "हो" म्हटलं. माझी लाज वाटते मला.

४ एप्रिल

पहाटे स्वप्न पडलं. टेकडी हिरवीगार, पाहुणे रांगेनं चढताहेत, आणि मी त्यांना नियम सांगते आहे, पण तोंडातून राख पडते आहे. उठल्यावर आईला सांगितलं, उद्या मी बोलणार. ती फुलं वाळत घालत होती. "बोल," म्हणाली. मान वर केली नाही.

५ एप्रिल, रविवार

आफ्रीन माफी मागायला उठायच्या आत मी उभी राहिले. आग आमच्या मोहाखालून गेली, आईनं लावली, मी बाजूलाच होते, असं सांगितलं. खाली बसते न बसते तोच बुधरीबाई उठली, "मीबी लावली होती, त्याच दिवशी." मग झाडूभाऊही उठले. मग तिकडच्या कोपऱ्यातून दोघी. शेवटी पत्रूभाऊ, खुर्चीवरूनच. मोजली – चौदा घरं. आठवडाभर प्रत्येक घराला वाटत होतं की आग आपलीच, आणि चौदाही घरं त्या पोरीचं नाव घेत होती.