भावजींना प्रेत केलंस त्याबद्दल

धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (हात सवयीने लिहून गेला. खोडत नाही, पण मनापासून आहेत असं समजू नकोस.) तुझा खोकला कसा आहे? बायको, मुलं बरी असतील. आमच्याकडे यांची तब्येत ठणठणीत आहे, मेलेल्या माणसाला काय होणार! माझं डोकं मात्र परवा संध्याकाळी तुझ्या त्या गुप्तहेराच्या विनोदी मालिकेचा ‘सुट्टी विशेष’ भाग लागल्यापासून ठणकतंय.

“ताई, समुद्रावरच्या हॉटेलात शूटिंग आहे, तुम्ही दोघं नुसते या, खा, झोपा,” असं तूच म्हणाला होतास ना? लग्नानंतर आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलो नव्हतो. (सासूबाईंना घेऊन गेलो तो प्रवास मी धरत नाही.) मी नवे कपडे शिवून घेतले, दूध बंद केलं, शेजारणीला किल्ली दिली. आणि पोचलो त्याच सकाळी तुझा प्रेताचं काम करणारा नट उन्हाने भाजून निघाला, म्हणून तू माझ्या नवऱ्याकडे बघितलंस. दुसरा माणूस मिळाला नाही तुला? म्हणे भावजींचा चेहरा शांत आहे. अरे, तो शांत नसतो, तो ऐकत नसतो!

बरं, निजवलंस तर निजवलंस. हे पोहण्याच्या तलावाकाठी आरामखुर्चीत आडवे, आणि मी खोलीत एकटी, भिंतीवरचं जहाजाचं चित्र बघत. ही माझी सुट्टी! दुसऱ्या दिवशीही तेच. जेवणघर बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मात्र मी तरातरा खाली गेले. कॅमेरा मला दिसला नाही. (तुझे लोक म्हणतात, मी तो बाजूला ढकलला. असेल.) मी म्हटलं, “उठा आता! जेवण संपलं तर माझ्या नावाने ओरडायचं नाही.” आणि हे उठले. प्रेत उठून चपला शोधायला लागलं. तुझा गुप्तहेर हातातलं भिंग टाकून पोट धरून खाली बसला आणि तू ओरडलास, “हे ठेवायचं!” मला वाटलं, खुर्चीबद्दल म्हणतोयस.

ठेवलंस ते ठेवलंस, वर कथाच फिरवलीस. परवा यांनी अख्खा मजला आमच्या बाहेरच्या खोलीत गोळा केला होता. आणि गुप्तहेर पडद्यावर काय सांगतो? खून झालाच नाही. हा बिचारा बायकोच्या तोंडापासून चार दिवस सुटका व्हावी म्हणून मेल्याचं सोंग घेऊन पडला होता! सगळे हसले. हेही हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने. सख्ख्या बहिणीला चारचौघांत कैदाशीण करताना तुझी जीभ, पेन, जे काय वापरतोस ते, झडलं कसं नाही? आज भाजीवाल्याने यांना विचारलं, “काका, जिवंत ना?” आणि माझ्या पिशवीत न मागता दोन लिंबं जास्त टाकली. भीतीने!

लोक गेल्यावर मी यांना सरळ विचारलं, “खरं सांगा, तुम्हाला तसं वाटतं?” हे विचारायची वेळ माझ्यावर आली, त्याचं पाप तुझ्या माथी. यांनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “अगं, तुझा भाऊ सारखा ‘हलू नका’ म्हणत होता. नाकावर माशी बसली तरी हललो नाही. पण तू हाक मारलीस, आणि आपण मेलोय हेच विसरलो.” एवढं बोलून ते कपबशा विसळायला गेले. (आपणहून! मी उभी राहून बघितलं. तरीही तुझ्यावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही, हे ध्यानात ठेव.)

तोंड दाखवू नकोस. खोकल्याचं औषध मात्र वेळेवर घे.

अजून तरी तुझीच,
ताई

ता. क. : पुढचा सुट्टी विशेष भाग डोंगरावर करतोयस, असं तू यांना फोनवर सांगितलंस म्हणे. आम्ही येणार नाही.

आणखी ता. क. : आलोच, तर या खेपेला प्रेत मी. खुर्ची नको, जाड गादी हवी, खिडकीजवळ. हे येऊन हाका मारतील, चष्मा कुठंय, टॉवेल कुठंय विचारतील. मी उठायचं नाही, असं लिही. आणि तुझ्या गुप्तहेराला सांग, चौकशी काय करायची ती हळू आवाजात कर.