बापूजींचा डावा पाय आणि दुपारचे दोन तास

भावनगर, रविवार

पूज्य मोटाभाई,

धाकट्या हर्षिदाचे जय श्रीकृष्ण. भाभींची कंबर आणि तुमचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा. बापूजी सकाळी गांठिये मागतात, म्हणजे प्रकृती ठीक.

डाव्या अंगावरच्या पक्षाघातानंतर त्यांनी स्वतःच्या घरी राहावं की वडोदऱ्याला तुमच्याकडे, हे माझ्या आकड्यांवर ठरवायचं असं आपलं ठरलं होतं (तुमचं ठरलं होतं, मी मान डोलावली). म्हणून आमच्या कॉलेजच्या अभ्यासातल्या तीस म्हाताऱ्यांबरोबर त्यांच्याही डाव्या घोट्याला हालचाल टिपणारा पट्टा बांधला. "या वयात पैंजण!" म्हणाले, आणि शेजारी दाखवून आले.

महिन्याने आलेख काढले, तर दुपारी दोन ते चार बहुतेक सगळे ठेक्यात चाललेले! ज्यांना उठवायला दोन माणसं लागतात, तेसुद्धा. मी सरासरी काढली, विचलन काढलं, शेवटी चष्मा पुसला. आमच्या वसावडा डॉक्टरांनी तर 'सौराष्ट्रातील वृद्धांचा दुपारचा व्यायाम' असं निबंधाचं नावही योजलं. त्यांनी स्वतः भरायच्या रोजनिशीत मात्र त्या वेळेपुढे प्रत्येकाची एकच नोंद: काही नाही, बसलो होतो.

अडीच वाजता जाऊन पाहते, तर बापूजी झोपाळ्यावर. "अहो, हे लिहायचं नाही का?"

"यात लिहायचं काय? श्वास घेतला तेही लिहू?"

(आणि मी, त्याच झोपाळ्यावर वाढलेली, मलाही सुचलं नव्हतं.)

झोपाळा वजा केला, तर दिवसाला जेमतेम नऊशे पावलं उरली, म्हणजे वडोदराच. तुम्हाला कळवायला फोन उचललाच होता. पण वजा केलेलं फेकण्याआधी उघडून बघायची मला खोड आहे. पहिल्या आठवड्यातल्या लाटा गुळगुळीत: उजवा पाय रेटतोय, डावा नुसता लोंबतोय. तिसऱ्यापासून लाटेत मध्येच एक बारीक झटका. मोटाभाई, डावा पाय जमिनीला रेटा देतोय! आधी शंभर झोक्यांत सात वेळा, आता एकेचाळीस. वसावडा डॉक्टर आधी निबंधाचं नाव खोडून मोकळे झाले (दुर्मीळ घटना), मग म्हणाले, "दोन महिने यांना इथून हलवायचं नाही."

तेव्हा शनिवारी त्यांचं सामान न्यायला टेम्पो आणू नये.

आपली
हर्षिदा

ता. क. टेम्पोशिवाय मात्र जरूर या, चार दिवस. झोपाळ्यावर शेजारी कुणी बसलं की रेटा जास्त द्यावा लागतो, आणि तुमच्या वजनाइतकं गुणकारी औषध इथे मिळत नाही.

ता. क. २. मागच्या मुक्कामात तुम्हीही हौसेने पट्टा बांधून घेतला होता. त्याचे आकडे आज पाहिले. तुमची पावलं दिवसाला आठशे बारा. कुणी कुणाला सांभाळायला न्यायचं, ते समोरासमोर बोलू.