काचेवरचा चरा

प्रिय ताई,

तुझी तीन पत्रं माझ्या उशीखाली आहेत आणि उत्तर एकाचंही गेलं नाही. रोज ठरवतो, आज लिहायचंच. पण लॉन्ड्रीतून आलो की हात इतके जड होतात की पेनाचं टोपण काढायचाही कंटाळा येतो. हॉटेलांच्या चादरी धुतो आम्ही. गरम रोलरमधून ओढायच्या, घडी घालायची, आठवड्याने त्याच परत. त्यातली एक तर मी ओळखतो, कोपऱ्यात शाईचा डाग आहे; दूरच्या आत्यासारखी अधूनमधून भेटते. बघ, सुरुवातच भरकटली. तू मला उगाच भिंगरी म्हणत नाहीस.

तुझा प्रश्न सरळ होता. आई महिनाअखेरीला निवृत्त होतेय, शेवटच्या दिवशी वॉर्डात तिला तिचं घड्याळ हातात हवंय, तर ये नाहीतर पाठवून दे. मी घर सोडलं तेव्हा तिने ते स्वतःच्या मनगटावरून काढून माझ्या मनगटावर बांधलं होतं. "वेळेवर जेव," एवढंच म्हणाली. तेव्हापासून दोन वर्षं, तू लिहितेस, ती भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवून पेशंटची नाडी मोजतेय, आणि नवं घे म्हटलं की म्हणते, "माझं आहे की, त्याच्याकडे आहे." हे वाचल्यावर मी ते पत्र पुन्हा उघडलं नाही.

ताई, घड्याळ नाहीये. चौथ्याच दिवशी एका बसस्थानकावर हात धुवायला काढून बेसिनवर ठेवलं आणि बस सुटतेय म्हणून धावलो. परत आलो तेव्हा तिथे साबणाचा तुकडा होता फक्त. आई दर फोनला विचारते, घड्याळ बरोबर चालतंय ना? मी म्हणतो, एकदम. एवढं एकच खोटं मला न अडखळता बोलता येतं.

मग ठरवलं, तसंच दुसरं घ्यायचं. आधी मोठ्या दुकानात गेलो. आत एवढा थंडावा की मला झोपच यायला लागली. आई नर्स आहे, तिच्यासाठी हवंय म्हटलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आईंचं मनगट केवढं?" मी बोटांचं कडं करून दाखवलं. "हा तर नळाचा पाइप झाला!" म्हणाली. मी हसलो, पण मला खरंच आठवेना. आकडे कसे होते? आठवेना. ते घड्याळ चार दिवस माझ्या हातावर होतं, त्याआधी वीस वर्षं डोळ्यासमोर, आणि मला आठवत होता फक्त काचेवरचा चरा, सहाच्या आकड्याजवळचा. लहानपणी मी तिचा हात ओढला आणि तो दाराच्या कडीवर आपटला, तेव्हाचा. त्या मुलीने शेवटी एक साधं पांढऱ्या डायलचं घड्याळ पुढे ठेवलं. "नर्स आहेत ना? मग सेकंदकाटा ठळक हवा. हे घ्या." मी नको म्हणालो. ते फार नवं दिसत होतं.

मग जुनी घड्याळं विकणारे काका सापडले, जिन्याखालच्या खोपट्यात. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत घड्याळं. विकायचं घड्याळ आधी आठ दिवस स्वतःच्या हातावर वागवतात, रोज किती पुढे-मागे गेलं ते चिठ्ठीवर लिहितात, मगच देतात. "अंगाची ऊब लागल्याशिवाय घड्याळ खरं बोलत नाही," म्हणतात. त्यांनी आईच्यासारखंच एक शोधून काढलं; बघितल्याबरोबर आकडेसुद्धा आठवले मला. आठ दिवस थांबा म्हणाले. मी, जो एका गावात बूट झिजेपर्यंत टिकत नाही, तो थांबलो. रोज संध्याकाळी चिठ्ठी वाचायला जायचो. सातव्या दिवशी म्हणालो, काका, एक काम कराल? काचेवर सहाच्या जवळ एक चरा पाडून द्या, आईच्या घड्याळाला होता तसा.

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. "आईला घड्याळ द्यायचंय की फसवायचंय?" म्हणाले. "फसवायचं असेल तर हे घेऊन जा, चरा तुझा तू पाड. द्यायचं असेल तर नव्या दुकानात जा बाबा."

काल नव्या दुकानात गेलो. ती मुलगी म्हणाली, "आलात का पाइपवाले!" पांढऱ्या डायलचं घेतलं. डबी समोर आहे, सेकंदकाटा इथून दिसतोय.

आता खरं सांगतो, हे पत्र कशासाठी. परवा मी निघेन म्हणतो. मी पोहोचायच्या आधी हे तुला मिळावं आणि तू आईला हळूच सांगावंस, म्हणजे मी दारात उभा राहीन तेव्हा पहिलं वाक्य मला बोलायला लागू नये. बाकी सगळं बोलेन गं, फक्त ते पहिलं वाक्य तू... थांब, खालून घरमालकीणबाई हाक मारतायत. जिन्यापर्यंत जाऊन आलो. ताई, आई आलीये! जिने कधी साधी रजा घेतली नाही, ती पिशवी पायाशी ठेवून खाली बाकावर बसलीये. बाईंनी तिला आल्या आल्या छातीतली धडधड सांगितलेली दिसते, कारण त्यांचं मनगट आईच्या हातात आहे आणि आई मान वर करून घड्याळ शोधतेय. तिथे भिंतीवर घड्याळ नाही. आता तू तिला सांगायचं काम उरलं नाही. डबी घेऊन खाली जातो.

तुझाच,
भिंगरी